नौकेवरील निवास आणि बेटावरील जीवन : पालघर-तारापूर किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन-अडीच दशकांत दृश्यकलेच्या क्षेत्रात ‘रेसिडेन्सी’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. कलावंताने आपले नेहमीचे घर व गाव सोडून ठरावीक काळ नव्या परिसरात राहावे, तेथील माणसे, भूगोल आणि इतिहास यांच्या सहवासात काही निर्मिती करावी, असे या उपक्रमाचे सर्वसाधारण स्वरूप असते. शिडाच्या नौकेवरील रेसिडेन्सी हा त्याचाच एक लक्षवेधी उपप्रकार होय. चित्रकार, लेखक, संगीतकार आणि कधी कधी शास्त्रज्ञ असे दहा-वीस जण एका नौकेवर एकत्र राहतात, बेटामागून बेट पाहत जातात आणि परतल्यावर त्या अनुभवाचे चित्र, मांडणशिल्प, ध्वनिमुद्रण किंवा पुस्तक होते. युरोपात या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली असून त्याची चर्चा बहुधा पर्यावरणाच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती वेगळ्या अंगाने करण्याचा प्रयत्न आहे. नौका ही पाहण्याची जागा आहे की राहण्याची? आणि जे तिच्यावर खरोखरच राहतात, त्यांना या कलाव्यवहारात कोणते नाव मिळते?

या प्रश्नाची कसोटी म्हणून पालघर जिल्ह्याचा किनारा घेतला आहे. वसईच्या खाडीपासून गुजरातच्या सीमेवरील झाईपर्यंतच्या या पट्ट्यात नौका आहेत, बेटे आहेत आणि किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी जगभर मान्यता पावलेली चित्रपरंपराही आहे. एवढे सारे एकाच जिल्ह्यात नांदत असूनही समीक्षेत ते सहसा एकत्र येत नाही. वारली चित्रकलेवर लिहिणारा समुद्राकडे पाठ करून लिहितो आणि मच्छीमारांवर लिहिणाऱ्याला चित्राशी कर्तव्य नसते. नौकेवरील रेसिडेन्सीच्या निमित्ताने ही दोन टोके जोडता येतात.

उत्तरेकडील नौका

या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘केप फेअरवेल’. ब्रिटिश कलावंत डेव्हिड बकलंड यांनी २००१ मध्ये ही संस्था स्थापन केली. २००३ मध्ये ‘नोर्डरलिश्ट’ या शिडाच्या जहाजावरून तिची पहिली सफर उत्तर ध्रुववृत्तातील स्वालबार्ड द्वीपसमूहाकडे गेली. हवामानबदलाची आकडेवारी सामान्य माणसाच्या मनाला भिडत नाही, कलावंताने तो बदल डोळ्यांनी पाहिला तर त्याची भाषा ती भिडवू शकेल, अशी यामागची धारणा होती. २००५ च्या सफरीत शिल्पकार अँटनी गॉर्मली व रेचेल व्हाइटरीड आणि कादंबरीकार इयान मॅक्इवान सहभागी होते. त्याच वर्षी व्हाइटरीड यांनी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये सुमारे १४,००० पांढऱ्या पोकळ पेट्यांचे ‘एम्बँकमेंट’ हे प्रचंड मांडणशिल्प उभे केले. त्या पांढऱ्या ढिगांत हिमप्रदेशाची आठवण अनेकांना जाणवली.

मात्र या सफरींचे सर्वांत टिकाऊ फलित कोणते, असा प्रश्न केला तर बोट हिमनगाकडे न जाता जहाजातील एका अडगळीच्या खोलीकडे जाते. बर्फात वावरण्याचे बूट, हातमोजे, टोप्या ठेवण्याची ती खोली. पृथ्वी वाचवण्याच्या गंभीर चर्चा करणारी ही सुसंस्कृत मंडळी दोन-तीन दिवसांत एकमेकांचे बूट पळवू लागली आणि त्या खोलीची व्यवस्था पार कोसळली, असे मॅक्इवान यांनी प्रथम एका लेखात आणि पुढे २०१० च्या ‘सोलर’ या कादंबरीत विनोदाच्या अंगाने रंगवले. या विनोदामागे एक मर्मग्राही निरीक्षण आहे. इतर बहुतेक कलावंतांनी नौकेतून बाहेर पाहिले, मॅक्इवान यांनी नौकेच्या आत पाहिले. नौका हे काही तरंगते गवाक्ष नाही, तेथे जागा कमी, माणसे अधिक आणि वस्तू मोजक्या असल्यामुळे तिला स्वतःची एक समाजव्यवस्था असते, हे त्यांच्या लक्षात आले. मात्र ही समाजव्यवस्था पाहुण्यांपुरतीच राहते. शीड चढवणारे, स्वयंपाक करणारे, रात्रीचा पहारा देणारे खलाशी या साऱ्या निर्मितीत जवळजवळ कोठेच दिसत नाहीत.

याच संस्थेने २०१० ते २०१४ या काळात स्कॉटलंडच्या पश्चिम व उत्तरेकडील बेटांवर ‘सी चेंज’ हा उपक्रम राबवला. शिडाच्या बोटीवरून बेटांवरील जीवन पाहणारी रेसिडेन्सी असे ज्याला म्हणता येईल, त्याचे हे अधिक प्रगल्भ रूप. ध्रुवप्रदेशात माणूस जवळपास नव्हताच, येथे तो होता. मासेमारी, मेंढपाळी, वाऱ्यावरची वीज, लोप पावू पाहणारी भाषा असे विषय बेटावरील रहिवाशांच्या सोबतीने हाताळले गेले. तरीही त्या प्रदेशाचा विचार करताना सेंट किल्डा या ओसाड बेटाची प्रतिमा कलावंतांच्या मनातून हटत नाही. २९ ऑगस्ट १९३० रोजी तेथील अखेरच्या ३६ रहिवाशांना मुख्य भूमीवर नेण्यात आले. त्यांची रिकामी दगडी घरे आजही रांगेने उभी आहेत आणि हे बेट जागतिक वारसा ठरले आहे. माणसे निघून गेलेले बेट पाण्यावरून फार सुंदर दिसते. या सौंदर्याविषयी समीक्षकाने थोडे सावध असावे. या सावधगिरीची गरज पालघरच्या किनाऱ्यावर आल्यावर अधिक तीव्रतेने जाणवते.

पाहुणा कलावंत आणि रहिवासी कलावंत

पालघरला बाहेरून आलेल्या कलावंताचा अनुभव नवा नाही. जमिनीवरील असला, तरी त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण येथे विचारात घेणे आवश्यक आहे, कारण नौकेवरील रेसिडेन्सीतील पाहुणा आणि रहिवासी यांचे नाते त्यात आधीच मांडले गेले आहे.

जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्रकलेला लग्नाच्या चौकातून बाहेर काढले. सवाशिणींनी विधी म्हणून काढायचे चित्र त्यांनी रोजचे, स्वतःचे केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे त्यांचे काम शहरी जगापुढे आले, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ साली पॅरिस येथे भरलेल्या ‘माजिसियें द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा समावेश होता. त्याच प्रदर्शनात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग हेही होते. १९६७ साली गवतावरून ये-जा करून उमटवलेल्या एका सरळ रेषेमुळे लाँग प्रसिद्धीस आले. चालणे हीच त्यांची कला. पॅरिसमध्ये त्यांचे चिखलाचे भव्य वर्तुळ भिंतीवर होते आणि त्याच्या पुढ्यात, जमिनीवर, ऑस्ट्रेलियातील युएन्डुमु येथील आदिवासी कलावंतांचे भूमिचित्र. कोण वर आणि कोण खाली, ही टीका त्या मांडणीवर तेव्हापासून होत आली आहे.

२००३ मध्ये लाँग वारली प्रदेशात आले, पायी फिरले, जागेवर मिळणाऱ्या साहित्यातून त्यांनी रेषा आणि वर्तुळे रचली. फ्रेंच संग्राहक एर्वे पेर्द्रिओल यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ येथे लाँग व म्हसे यांचे संयुक्त प्रदर्शन भरले. शीर्षकात दोघांची नावे शेजारी शेजारी आली. १९८९ च्या तुलनेत ही प्रगतीच म्हटली पाहिजे. म्हसे येथे ‘एक वारली कलाकार’ नव्हते, नाव असलेले, स्वतंत्र शैली असलेले समकालीन चित्रकार होते.

असे असले तरी या संवादातील विषमता नजरेआड करता येत नाही. लाँग यांची कला निघून जाण्यावर उभी आहे. चालणारा येतो, खूण करतो, छायाचित्र घेतो, जातो. खूण पुसली जाते आणि छायाचित्र संग्रहालयात राहते. म्हसे यांची कला राहण्यावर उभी आहे. त्यांचे सुप्रसिद्ध जाळ्याचे चित्र याची साक्ष देते. कापडाचा मोठा भाग व्यापणारे, असंख्य बारीक पांढऱ्या रेषांनी विणलेले ते जाळे पाहताना प्रथम नजर माशांकडे किंवा माणसांकडे जात नाही, विणकामाकडे जाते. चित्रकाराने जाळे रंगवले, असे म्हणण्यापेक्षा त्याने ते गाठ गाठ करून पुन्हा विणले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. ज्याने जाळे लांबून पाहिले आहे, त्याला जाळ्याचा आकार दिसतो. ज्याने ते हाताळले आहे, त्याला त्याचे डोळे, म्हणजे गाठींमधील मोकळ्या जागा दिसतात. या चित्रातील जवळजवळ सर्व काम त्या मोकळ्या जागांचे आहे.

हे जाळे समुद्रातले नव्हे, असा आक्षेप घेता येईल. वारली हा जंगलाचा आणि भातशेतीचा माणूस, ओढ्यात, नदीत, तळ्यात मासे धरणारा, ही समजूत चुकीचीही नाही. पण ती आता अपुरी झाली आहे, आणि लेखाचा मुख्य मुद्दा येथून सुरू होतो.

आठ महिन्यांचा निवास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील आदिवासी तरुण गेली अनेक वर्षे पावसाळा सरताच गुजरातमधील पोरबंदर, वेरावळ, ओखा, मांगरोळ या बंदरांकडे जातात. तेथील मालकांच्या मासेमारी बोटींवर ते खलाशी म्हणून राबतात. मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारीबंदीच्या सुमारास, ते परततात. म्हणजे वर्षाचे सुमारे आठ महिने त्यांचा पत्ता ही एक बोट असते. एका फेरीत कित्येक दिवस जमीन दिसत नाही. जाळे सोडणे, ओढणे, मासळी निवडणे, बर्फात रचणे, जाळे शिवणे, आणि उरलेल्या वेळात झोप. ‘नौकेवरील निवास’ हा शब्दप्रयोग जर शब्दशः घ्यायचा ठरवला, तर या जिल्ह्यातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत नियमित निवासी हेच होत.

त्यांच्या निवासाला रेसिडेन्सी म्हणणे हा शब्दच्छल वाटेल. कलावंत स्वेच्छेने जातो, खलाशी उदरनिर्वाहासाठी जातो, हा फरक मूलभूत आहे आणि तो पुसण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोघेही एकच समुद्र पाहतात. एकाच्या पाहण्याला दृष्टी म्हटले जाते, दुसऱ्याच्या पाहण्याची नोंदही होत नाही. ही विभागणी श्रमाच्या स्वरूपावरून झालेली नसून नोंदीच्या साधनांवरून झालेली आहे.

खलाशाची नोंद होते ती संकटात. कच्छच्या समोर, सर क्रीकच्या वादग्रस्त पाण्यात सीमारेषा डोळ्यांना दिसत नाही. भरकटलेली किंवा मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या ताब्यात सापडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. भारत-पाकिस्तान यांच्यातील २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या, त्यांत मच्छीमारांच्याही, याद्या देतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या एका बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील वडराई गावचा एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. ज्या तालुक्यातील चित्रकाराचे नाव युरोपातील प्रदर्शनाच्या शीर्षकात आले, त्याच तालुक्यातील दर्यावर्दी कैद्यांच्या यादीत सापडतात. कलासमीक्षेने या दोन नावांच्या मधल्या अंतराकडे अद्याप गांभीर्याने पाहिलेले नाही.

बाजारात रूढ झालेल्या वारली चित्रात हा समुद्र अभावानेच उतरतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. तारपा, फेर धरून नाचणारी माणसे, ताडावर चढणारा, भाताची लावणी, बैलगाडी, या प्रतिमा साडीच्या पदरापासून उपाहारगृहांच्या भिंतींपर्यंत पोहोचल्या. ग्राहकाला वारली माणूस जंगलात हवा असतो. ट्रॉलरवर बर्फ फोडणारा वारली त्या कल्पनाचित्रात बसत नाही. त्यामुळे नवे वारली चित्रकार समुद्र रंगवीत नाहीत असा दोष त्यांना देणे अन्यायाचे ठरेल. मागणीच दुसऱ्या चित्राची आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात

या कोंडीतून मार्ग काढणारे एक उदाहरण पश्चिम किनाऱ्यावरच घडले आहे. मुंबईतील ‘कॅम्प’ या कलावंतगटाने २०१३ साली पूर्ण केलेला ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा ८३ मिनिटांचा चित्रपट. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या गटातील शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी २००९ च्या शारजा द्वैवार्षिकीसाठी तेथील खाडीतल्या लाकडी मालवाहू जहाजांवर काम केले होते. कच्छचे आखात, इराणचे आखात आणि एडनचे आखात यांमध्ये फिरणाऱ्या जहाजांवरील खलाशांशी जुळलेला हा संबंध त्यांनी पुढे काही वर्षे टिकवला. ही जहाजे कच्छमध्ये मांडवीला, सौराष्ट्रात सलायाला बांधली जातात आणि सोमालियापर्यंत माल नेतात.

या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की त्यातील बरेचसे चित्रण खलाशांनी स्वतः, मोठ्या प्रमाणावर मोबाइल फोनवर, केलेले आहे. खलाशी एकमेकांना चित्रफिती पाठवीत आणि त्यांवर आवडीची गाणी चढवीत. कॅम्पने ती गाणी काढून टाकली नाहीत. त्यामुळे खवळलेल्या लाटांवर चित्रपटगीत ऐकू येते आणि डेकवर दाटीवाटीने चढवलेल्या शेळ्यांवर कव्वाली. सुशिक्षित प्रेक्षकाला प्रथम हे विसंगत वाटते. थोड्या वेळाने जाणवते की समुद्राला भव्य व मूक समजण्याची सवय आपली आहे, खलाशाची नाही. त्याच्या समुद्रात गाणे सतत चालू असते. अमेरिकन छायाचित्रकार व समीक्षक अॅलन सेक्युला यांनी ‘फिश स्टोरी’ (१९९५) या प्रकल्पात समुद्राकडे रम्य देखावा म्हणून पाहण्याच्या वृत्तीची झाडाझडती घेऊन तेथील श्रमांकडे लक्ष वेधले होते. कॅम्पचा चित्रपट त्याच्या एक पाऊल पुढे जातो, कारण येथे श्रमिक केवळ चित्राचा विषय राहिलेला नाही. चौकट त्याने निवडली आहे, कोणता क्षण टिपायचा हे त्याने ठरवले आहे.

त्रुटी येथेही आहेत. संकलन मुंबईत झाले, प्रदर्शने युरोप-अमेरिकेत झाली आणि समीक्षेत उल्लेख होतो तो गटाचा. निवेदन टाळल्यामुळे चित्रपटाला मोकळेपणा लाभला, पण त्याच कारणाने अनभिज्ञ प्रेक्षकाला कोण कोठला, हे कळत नाही. तरीही नौकेवरील रेसिडेन्सीच्या कल्पनेला येथे मिळालेली कलाटणी मौलिक आहे. कलावंताने नौकेवर राहायला जाण्याऐवजी, नौकेवर राहणाऱ्याने कलावंताकडे काही पाठवावे. या दिशेने पाहिले असता केप फेअरवेलची नौका आणि कॅम्पची नौका एकाच वर्गात घालणे कठीण होते.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील शिल्पकार पराग तांडेल यांचे काम या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे कलावंत आणि समाज वेगळे नाहीत. मात्र कोळीवाड्यात जन्मलेला कलावंत आणि दुसऱ्याच्या बोटीवर उचल घेऊन गेलेला डोंगरातला खलाशी, यांची स्थिती एक नव्हे. पालघर किनाऱ्यावर मांगेला, वैती, कोळी अशा मच्छीमार समाजांना समुद्राची परंपरा आहे, गीते आहेत, नारळी पौर्णिमा आहे. वारली खलाशाला समुद्र आहे, पण समुद्राची परंपरा नाही. त्याच्या अनुभवाला तयार भाषा उपलब्ध नाही, आणि म्हणूनच त्याची नोंद अधिक अगत्याची ठरते.

पाण्यावरून न दिसणारी बेटे

आता कल्पना करावी की एखादी शिडाची नौका दहा-बारा कलावंतांना घेऊन वसईच्या खाडीतून उत्तरेस निघाली. तिला काय दिसेल?

वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा दिसेल. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला जलदुर्ग, त्याचे बुरूज आणि भोवतीची मच्छीमार वस्ती. चित्रकाराला आणखी काय हवे! पण त्याच वैतरणेच्या पात्रात थोडे आत वाढीव हे बेटावरचे गाव आहे. तेथील रहिवाशांना वैतरणा स्थानक गाठण्यासाठी रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने, धावत्या गाड्यांच्या शेजारून चालत जावे लागत आले आहे. बेट म्हणजे होडी, हे समीकरण येथे मोडते. या बेटाचे वाहन आगगाडी आहे आणि तीही त्यांच्यासाठी थांबत नाही. उंच डोलकाठीची नौका त्या पुलाखालून जाणार नाही. त्यामुळे शिडाच्या नौकेवरील रेसिडेन्सीला हे बेट दिसण्याचा संभवच नाही. माध्यमाने विषय आधीच गाळून टाकल्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढे सातपाटी लागेल, पापलेटच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेले बंदर. त्यापुढे तारापूर. बोईसरची औद्योगिक वसाहत किनाऱ्यापासून आत असल्याने दिसणार नाही, अणुवीज केंद्र मात्र दिसेल. त्याचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे. तिसरा आणि चौथा संच अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये कार्यान्वित झाला. या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. सेंट किल्डाची रिकामी घरे पाण्यावरून दिसतात, छायाचित्रात येतात, वारसा ठरतात. अक्करपट्टी-पोफरणच्या बाबतीत पाण्यावरून दिसावे असे काही उरलेले नाही. नव्या वसाहतीत राहणाऱ्यांना विचारल्यावाचून तेथे गाव होते हे कळायचे नाही, आणि विचारण्यासाठी नौकेतून उतरावे लागते.

तारापूरच्या उत्तरेस वाढवण. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदरास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा बांध या योजनेत आहे. मच्छीमार संघटनांचा या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. त्यांचे म्हणणे मासळीच्या पैदाशीच्या जागांविषयी आहे. शासनाचे म्हणणे रोजगाराचे आणि व्यापाराचे आहे. त्या वादाचा निवाडा करणे कलासमीक्षेच्या कक्षेत येत नाही. पण बेटांच्या जीवनाचा शोध घेणाऱ्या कोणत्याही कलाउपक्रमाला हा प्रश्न टाळता येणार नाही : जेथे समुद्रात नवी भूमी घडवली जात आहे, तेथे पूर्वी जाळे टाकणाऱ्यांच्या जागांची नावे कोणी लिहून ठेवली आहेत काय? मच्छीमारांच्या तोंडी समुद्रातल्या जागांना नावे असतात. खडक, गाळ, प्रवाह, किनाऱ्यावरच्या खुणा यांवरून ती ठरतात. भराव पडल्यावर त्या जागा राहणार नाहीत आणि जागा नसल्यावर ती नावे फार काळ टिकत नाहीत. हे काम करायला शीड लागत नाही. वृद्ध तांडेलासमोर वही घेऊन बसावे लागते.

याच रीतीने खलाशांच्या नोंदीचेही काम करता येण्याजोगे आहे. तलासरी-डहाणूकडून पोरबंदरला जाणाऱ्या तरुणांच्या खिशात आज फोन असतो. कॅम्पच्या चित्रपटातील खलाशांप्रमाणे तेही बोटीवर चित्रण करतात, त्यावर गाणी चढवतात आणि घरी पाठवतात. फोन बिघडला, हरवला किंवा बोट पकडली गेली की ते चित्रण नष्ट होते. पालघर, बोईसर, डहाणू आणि तलासरी येथील महाविद्यालयांत ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी बोटीवर आहे, असे विद्यार्थी शिकतात. मराठी, समाजशास्त्र आणि इतिहास विभागांनी मिळून, खलाशाची परवानगी घेऊन, हे चित्रण जमवले, त्यावर तारीख, बंदर आणि चित्रण करणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे नाव नोंदवले, तर त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक संगणक, दोन साठवणतबकड्या आणि मे महिन्याच्या अखेरीस, माणसे गावी परततात तेव्हा, पाड्यापाड्यांवर जाण्याची तयारी एवढे पुरते. जूनच्या पहिल्या पावसानंतर ती माणसे भाताच्या कामाला लागतात आणि मग त्यांची भेट होणे अवघड असते.